मोकळ्या हवेतील तैलरंग निसर्गचित्रण

समुद्रकिनारा, शेते, वने, नदीकाठ अशा स्थळी बसून, समोरचे दृश्य प्रत्यक्ष पाहत तैलरंगांत निसर्गचित्र रंगविण्याची पद्धत. कलासमीक्षेत तिला ‘प्लेनेर’ असे फ्रेंच नाव आहे. महाराष्ट्रातील कलाविद्यार्थी ‘ऑन द स्पॉट लँडस्केप’ म्हणतात. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे स्टुडिओतील मोठ्या चित्राच्या तयारीसाठी जागेवर केलेला अभ्यास, आणि दुसरी म्हणजे जागेवरच पूर्ण केलेले व त्याच रूपात प्रदर्शनास ठेवलेले चित्र. पहिली प्रथा सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येते, दुसरी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. उगमाविषयीचे बरेचसे मतभेद हा फरक न पाळल्यामुळे निर्माण झाले आहेत.

उगम : जर्मन चित्रकार योआखिम फॉन झांड्रार्ट याने 1675 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, रोमजवळच्या तिवोली परिसरात आपण निसर्गासमोर बसून रंगवीत होतो आणि फ्रेंच निसर्गचित्रकार क्लोद लोरँ यानेही ही रीत उचलली, असे नमूद केले आहे. मात्र निःसंशयपणे जागेवर रंगविलेले म्हणता येईल असे क्लोदचे तैलचित्र उपलब्ध नसल्याने या विधानावर फार भार देता येत नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील, स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने रंगविलेली, रोममधील व्हिला मेदिचीच्या उद्यानाची दोन लहान चित्रेही या संदर्भात पुढे केली जातात. ती 1630 च्या सुमाराची की 1649–51 मधील, हा वाद जुना आहे. अलीकडे पहिल्या मताकडे कल दिसतो.

याहून भक्कम पुरावा आलेक्सांद्र-फ्रांस्वा देपोर्त (1661–1743) या फ्रेंच चित्रकाराचा आहे. त्याच्या मुलाने लिहिलेल्या वृत्तांतानुसार तो रंग लावून तयार केलेले पॅलेट व कुंचले पत्र्याच्या डब्यांत घालून शेतात नेत असे. त्याच्या काठीच्या टोकाला लांब, अणकुचीदार पोलाद बसविलेले असे, म्हणजे ती जमिनीत घट्ट रोवता येई. काठीची मूठ उघडून तीत धातूची लहान चौकट स्क्रूने बसविली जाई आणि तिला कागद अडकविला जाई. इतके नेमके वर्णन कल्पनेतून येणे कठीण. शिवाय देपोर्तचे कागदावरील तैलरंगी अभ्यास आजही अस्तित्वात आहेत. त्यामुळे या प्रथेचा पहिला निश्चित टप्पा म्हणून त्याचे काम धरणे योग्य ठरते.

प्रथेला शिस्तीचे रूप प्येर-आंरी द वालांसियेन (1750–1819) याने दिले. 1780 च्या दशकात त्याने रोम व आसपासच्या प्रदेशात कागदावर तैलरंगांत अनेक अभ्यास केले. पुढे 1800 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या यथादर्शनविषयक (पर्स्पेक्टिव्ह) ग्रंथात त्याने विद्यार्थ्यांना सल्ला दिला, की प्रकाश सतत बदलत असल्याने जागेवरील अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासाहून अधिक देऊ नये. हेच अभ्यास प्रदर्शनात मांडावेत असे मात्र त्याला वाटत नव्हते. फ्रेंच चित्रकार काम्यी कोरोचे ‘नार्नीचा पूल’ हे चित्र या दृष्टीने उद्‌बोधक आहे. 1826 मध्ये जागेवर केलेला अभ्यास पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, तर त्यावरून रचून 1827 च्या सालाँ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात मांडलेले मोठे चित्र कॅनडातील ओटावा येथे आहे. आजच्या प्रेक्षकाला पहिले अधिक जिवंत वाटते. कोरोच्या काळी मान होता तो दुसऱ्याला.

इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने 1821–22 मध्ये हॅम्पस्टेड येथे ढगांचे तैलरंगी अभ्यास केले आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे दिवस, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदविली. 1824 पासून ब्रायटनच्या किनाऱ्यावर केलेली रेखाटने त्याने रंगपेटी मांडीवर घेऊन, तिच्या झाकणात कागद धरून रंगविली होती.

साधने : अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड याने 1841 मध्ये कथलाच्या, दाबून रिकाम्या होणाऱ्या रंगनळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशवीत बांधून ठेवीत आणि टाचणीने भोक पाडून हवा तेवढा काढीत. एकदा भोसकलेली पिशवी नीट बंद होत नसे व रंग सुकू लागे. नळीमुळेच मोकळ्या हवेतील चित्रण शक्य झाले, असे सर्रास म्हटले जाते. ते अतिशयोक्त आहे. देपोर्त, वालांसियेन, कॉन्स्टेबल आणि तरुण कोरो या सर्वांचे वर निर्देशिलेले काम नळीच्या आधीचे आहे. नळीने एवढे केले, की अनेक रंग दिवसभर, दूरवर आणि न सांडता नेता येऊ लागले. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन (गडद निळा), व्हिरिडियन (हिरवा) या नव्या रंगद्रव्यांचा आणि रेल्वेचा वाटाही तितकाच मोठा मानावा लागेल. पॅरिसहून रुआँपर्यंत 1843 मध्ये आणि तेथून ल हाव्हरपर्यंत 1847 मध्ये लोहमार्ग पोहोचला, तेव्हा नॉर्मंडीचा किनारा चित्रकारांना काही तासांवर आला.

नॉर्मंडीचा किनारा : फॉन्तेनब्लोच्या वनातील बार्बिझाँ या गावच्या चित्रकारांनी ग्रामीण दृश्याला प्रतिष्ठा दिली आणि चित्रकार दोबिन्यीने 1857 मध्ये नावेतच स्टुडिओ थाटला. समुद्राच्या बाबतीत मात्र ऑनफ्लर येथे जन्मलेल्या चित्रकार यूजेन बूदँचे (1824–98) स्थान विशेष आहे. 1858 मध्ये त्याने पुढे दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार म्हणून गाजलेल्या, तेव्हा कोवळ्या वयाच्या क्लोद मोनेला आपल्याबरोबर बाहेर रंगवायला नेले, आणि मोनेने त्याचे ऋण पुढे आयुष्यभर मानले. मोनेने 1870 मध्ये त्रुव्हिल येथे रंगविलेल्या ‘त्रुव्हिलचा किनारा’ या चित्राच्या रंगथरात वाळूचे कण व शिंपल्यांचे तुकडे अडकलेले आढळले आहेत. चित्र जागेवर रंगविल्याचा याहून प्रत्यक्ष पुरावा मिळणे अवघड. याच किनाऱ्यावरील एत्रेताच्या कड्यांखाली काम करताना 1885 च्या नोव्हेंबरात त्याचा भरतीचा अंदाज चुकला, लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि त्याचे इझल (चित्र टेकविण्याची घोडी) व कॅनव्हास समुद्रात गेले. त्याच सुमारास त्याला तेथे पाहिलेल्या फ्रेंच लेखक गी द मोपासाँने, एकाच दृश्याचे वेगवेगळ्या वेळांचे पाच-सहा कॅनव्हास मुलांकडून वाहून नेत, आकाश बदलेल तसे तो ते आलटून पालटून हाती घेई, असे लिहिले आहे.

एत्रेताच्या सूर्यास्ताच्या एका चित्रातील दृश्याचा क्षण खगोलवैज्ञानिक डॉनल्ड ऑल्सन यांनी सूर्याचे स्थान व भरती-ओहोटी यांवरून 5 फेब्रुवारी 1883, दुपारी 4 वाजून 53 मिनिटे असा निश्चित केला आहे. त्यातून निरीक्षणाचा क्षण ठरतो, चित्र तेथेच पुरे झाले हे ठरत नाही. एत्रेताहून आणलेली बरीच चित्रे मोनेने घरी पुढे रंगविल्याचे त्याच्या पत्रव्यवहारावरून दिसते. तेव्हा ‘संपूर्णपणे जागेवर’ हा दावा त्याच्याही बाबतीत सावधपणेच घ्यावा.

तंत्र : अस्तर (रंगाखालचा पहिला थर) दिलेला लहान कॅनव्हास, लाकडी फळी किंवा जाड कागद वापरतात. पांढऱ्या अस्तरावर ऊन पडले की डोळे दिपतात व रंग प्रत्यक्षाहून फिकट भासून गडद लावले जातात. म्हणून अस्तराला आधी मातकट छटा देणे आणि कॅनव्हास व पॅलेट दोन्ही सावलीत ठेवणे श्रेयस्कर. प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मोठे आकार व छायाप्रकाश मांडून घेतात, कारण सावल्याच सर्वांत आधी सरकतात; त्यावर ओल्यातच जाड रंग देतात. जवसाच्या तेलातील रंग बाष्पीभवनाने नव्हे तर प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो, त्यास दिवस लागतात. त्यामुळे ओले चित्र घरी आणणे हीच मोठी अडचण असते. त्यासाठी खाचा असलेल्या पेट्या वापरतात. किनाऱ्यावर इझलला दगड टांगून वाऱ्यापासून आधार द्यावा लागतो.

प्रसार : डेन्मार्कमधील स्कागेन आणि इंग्लंडमधील न्यूलिन ही मच्छीमार गावे 1880 च्या दशकात चित्रकारांची केंद्रे बनली. न्यूलिनमध्ये स्टॅनहोप फोर्ब्झने मासळीच्या लिलावाचे मोठे चित्र (1885) किनाऱ्यावरच रंगविले. मेलबर्न येथे 1889 मध्ये भरलेल्या प्रदर्शनातील बरीचशी चित्रे सिगार-पेट्यांच्या 9×5 इंची झाकणांवर केलेली होती.

महाराष्ट्र व गोवा : मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना 1857) रुजलेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणातून जागेवर जाऊन निसर्गचित्रण करण्याची सवय येथे आली. तथापि ती प्रामुख्याने जलरंगांत वाढली. जलरंगाचे साहित्य हलके आणि चित्र लगेच सुकणारे, हे त्याचे एक उघड कारण. तैलरंगांत काम करणाऱ्यांमध्ये गोव्यातील सांगे येथे जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकून तेथेच अध्यापन केलेले आंतोनिओ शाव्हिएर त्रिंदाद (1870–1935) उल्लेखनीय होत. त्यांची ख्याती व्यक्तिचित्रकार म्हणून असली, तरी त्यांनी निसर्गचित्रेही रंगविली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (सुमारे 1860–1931) यांनी रंकाळा, कोटीतीर्थ या परिसरातील पाणी, झाडी व बदलता प्रकाश दीर्घकाळ अभ्यासला. त्यांची ख्याती मुख्यतः जलरंगातील निसर्गचित्रांवर उभी आहे.