तेरा नंबरचा फिल्टर आणि दमलेली फर्नेस

न्यू जर्सीत घर घेतलं त्या पहिल्याच थंडीत मी एक अतिशहाणपणा केला. बेसमेंटमधल्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, जुना हवेचा फिल्टर काढला, बोट फिरवलं तर लोकरीसारखा राखाडी थर निघाला, आणि तसाच दुकानात जाऊन सगळ्यात मोठ्या नंबरचा, मर्व्ह १३ वाला, एक इंची फिल्टर आणून बसवला. घरात रोजची फोडणी, उदबत्ती, पोराची सर्दी, म्हटलं घ्यायचा तर चांगलाच घेऊ. दोन दिवसांनी नाटक सुरू. बर्नर पेटायचा, जरा वेळाने विझायचा, पंखा मात्र गार हवा फेकत फिरतच राहायचा. मेकॅनिकने फिल्टर उपसून भिंतीला टेकवला आणि फर्नेस मुकाट चालायला लागली!

झालं काय, तर गॅस जळतो हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे धातूच्या बंद नळ्यांच्या, आत आणि घरातली हवा त्याच्या बाहेरून जाता जाता उष्णता उचलते. हवा कमी पडली की उष्णता नेणारं कोणी नाही, आतलं तापमान चढत जातं आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. आमची डक्ट, म्हणजे घरभर हवा नेणारी नळी, जुनी, अरुंद, त्यात हा दाट फिल्टर. उन्हाळ्यात एसीची हवाही इथूनच जाते, तेव्हा उलटं, एसीच्या गार कॉइलवर बर्फ धरू शकतो. मुळात हा फिल्टर आला तो पंखा आणि कॉइल धुळीपासून वाचवायला, आपली फुप्फुसं नंतर.

हा मर्व्ह नंबर ॲशरे या अमेरिकन संस्थेच्या ५२.२ स्टँडर्डमधून येतो, १ ते १६. मर्व्ह ८ ने ३ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निदान ७० टक्के कण पकडायलाच हवेत, पण ०.३ ते १ मायक्रॉनच्या बारीक कणांबद्दल त्याच्यावर काही बंधन नाही. मर्व्ह १३ ला त्या बारीक कणांतलेही निदान ५० टक्के धरावे लागतात. काही दुकानं आणि कंपन्या एमपीआर, एफपीआर असले आपापले नंबर छापतात, त्यात गोंधळू नका, पॅकवर मर्व्ह शोधा.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, भोकापेक्षा मोठं ते अडकणार, छोटं ते निसटणार. तसं नाहीये. धाग्यांमधल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. जड कणाला हवेबरोबर वळता येत नाही, तो सरळ जाऊन धाग्यावर आपटतो. एकदम चिमुकल्या कणाला हवेचे रेणू इतके धक्के देतात की तो झिंगल्यासारखा भटकत कुठेतरी चिकटतोच. निसटतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा, ना पुरेसा जड ना पुरेसा चंचल, आणि म्हणूनच हेपा या अतिबारीक कण पकडणाऱ्या फिल्टरची परीक्षा याच आकारावर घेतात. बऱ्याच घरगुती फिल्टरांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभारही असतो, केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तसाच, पण तो भार वापरात हळूहळू निष्प्रभ होतो, त्यामुळे हा फिल्टर झटकून, धुऊन परत लावायची आपली काटकसर इथे चालत नाही.

मग १३ नंबर वापरायचाच नाही का? वापरा की, पण जाडी बघा. चार इंची फिल्टरच्या चुण्या खोल असतात, म्हणजे त्याच चौकटीत कितीतरी जास्त कापड मावतं. कापड दुप्पट झालं की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा आणि अडथळाही जवळपास निम्मा. फक्त एक इंचाच्या खाचेत चार इंची बसत नाही, बाहेर वेगळी पेटी बसवून घ्यावी लागते, मीही शेवटी तेच केलं. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आला, आकाश नारिंगी झालं, तेव्हा तो खर्च वसूल झाला. अर्थात पंखा फिरेल तेवढाच वेळ फिल्टर काम करतो, त्यामुळे त्या दिवसांत थर्मोस्टॅटवर फॅन ऑटोवरून ऑनवर टाकला होता.

पेटीचा खर्च नको असेल तर फर्नेसला मर्व्ह ८ ठेवा आणि झोपायच्या खोलीत छोटा हेपा प्युरिफायर लावा, माझं मत विचाराल तर बऱ्याच जुन्या घरांना तेच बरं.

माप घेताना जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेलं बघा. १६ × २५ × १ लिहिलेला फिल्टर टेपने मोजलात तर थोडा कमीच भरतो, ते नाममात्र माप असतं, घाबरू नका. पण बाजूला फट राहिली तर हवा तिथूनच पळणार. फिल्टरच्या कडेवरचा बाण फर्नेसच्या पंख्याकडे ठेवा. आणि फोडणीच्या वासाचं म्हणाल तर तो वायू आहे, साध्या फिल्टरला त्याचं काही सोयरसुतक नाही, त्याला खिडकीच उघडायला लागते, जानेवारीतसुद्धा.