वीजबिल जास्त वाटतंय? अर्जाआधी मीटर वाचा

बिलाची तक्रार घेऊन महावितरणच्या उपविभाग कार्यालयात गेलात की खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, 'आजचं रीडिंग काय?' ते घेऊनच जा.

मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, भार असे आकडे फिरत असतात. 'केडब्ल्यूएच' (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा आपला; दशांश सोडून टिपा. मीटर क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडा. सोसायटीत मीटर ओळीने असतात, शेजाऱ्याचं रीडिंग आपल्या बिलावर चढणं अशक्य नाही.

आता हिशेब. मागील रीडिंग 4368, चालू 4656, म्हणजे 288 युनिट. घरगुती दराचे टप्पे महिन्याला 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. एका महिन्याचा वापर असेल तर 100 युनिट पहिल्या दराने, 188 दुसऱ्या. पण गेल्या महिन्यात घर बंद म्हणून सरासरी बिल आलं असेल, तर ही 288 युनिट दोन महिन्यांची. मग पहिल्या दरात 200 आणि दुसऱ्यात फक्त 88 बसायला हवीत, शिवाय सरासरीपोटी भरलेले पैसे वजा. बिल फुगलेलं दिसलं की मी आधी इथेच बघतो. युनिटच्या या रकमेत, म्हणजे वीज आकारात, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन मिळवा. त्यावर 16 टक्के वीज शुल्क.

मीटरचाच संशय असेल तर घरातला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर गडबड आहे. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलं असेल तर 3200 लुकलुकींना एक युनिट. फक्त 1000 वॅटची इस्त्री चालू ठेवली तर मिनिटाला साधारण 53.

अर्ज साध्या कागदावर चालतो: 12 अंकी ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, तुमचा हिशेब आणि 'मीटर तपासून मिळावा' अशी स्पष्ट मागणी. सोबत ताजं आणि मागची बिलं, फोटो, ओळखपत्र. कनेक्शन आजोबांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असलं तरी अडत नाही. ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे तोही कायद्याने ग्राहकच. तपासणीचं शुल्क भरून पावती घ्या. मीटर सदोष निघाला तर वादाच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची बिलं दुरुस्त होतात, म्हणून रेंगाळू नका.

तोवर बिल थकवणं मात्र महागात पडतं. वीज तोडण्याआधी 15 दिवसांची नोटीस लागते, पण ती मिळेपर्यंत थांबायचं कशाला? विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 नुसार मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरता येते. तसं लेखी द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात किंवा त्यानंतर मुंबई-नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे जायची वेळ आलीच, तर हीच शिक्क्याची प्रत जोडावी लागते.