पवनचक्कीच्या पात्यांची वायुगतिकीय कार्यक्षमता

वाऱ्यातील गतिज ऊर्जेचा जास्तीत जास्त भाग पात्यांनी पकडावा आणि तो पकडताना पात्यांवरचा भार, आवाज व झीज आटोक्यात राहावी, यासाठी पात्याचा आकार, पृष्ठभाग व हालचाल सुधारण्याचे तंत्र. वीजनिर्मितीच्या पवनचक्कीत जनित्र, गिअरबॉक्स, मनोरा हे सारे पात्यांनी मिळवलेल्या ऊर्जेवरच चालते. पात्यात गमावलेली ऊर्जा पुढे कुठेही भरून काढता येत नाही.

वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वारा सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वेगाने वाहू लागला, तर उपलब्ध शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. ही सगळी शक्ती काढून घेता येत नाही. तशी काढली तर हवा पात्यांमागे जागीच थांबेल आणि मागून येणारा वारा चक्कीला वळसा घालून निघून जाईल. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले की, आदर्श चक्कीलाही वाऱ्याच्या शक्तीचा १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के भागच मिळू शकतो. या स्थितीत चक्कीच्या बरेच मागे वाऱ्याचा वेग मूळ वेगाच्या एक तृतीयांश उरतो. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर व रशियातील निकोलाय झुकॉव्स्की हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच उत्तरापाशी पोहोचले होते. आजच्या चांगल्या तीनपाती चक्क्या अनुकूल वाऱ्यात ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जातात. थोडक्यात, वरच्या टोकाला वाव थोडाच उरला आहे. वर्षभराच्या उत्पादनात खरा फरक पडतो तो मंद वाऱ्यात, झोतांत आणि पाते मळलेले असताना.

पात्याचा आकार

डेन्मार्कच्या पोल ला कूर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्कोव येथे वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बंदिस्त नळीत, प्रयोग केले. वीज निर्माण करायची तर पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची वेगवान चक्की सरस, हे त्यांतून पुढे आले. त्यांचेच विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची तीनपाती चक्की उभारली. पुढच्या डॅनिश चक्क्यांचा साचा तिनेच घालून दिला.

फिरत्या पात्याला समोरचा वारा आणि स्वतःच्या गतीमुळे जाणवणारा वारा असे दोन वारे एकाच वेळी लागतात. समजा वारा सेकंदाला १० मीटरचा आहे, पात्यांपाशी तो मंदावून ६.७ मीटर झाला आहे आणि पात्याचे टोक ८५ मीटर वेगाने फिरते आहे. तर टोकाला हवा फिरण्याच्या प्रतलाशी जेमतेम साडेचार अंशांचा कोन करून येते. केंद्रापासून एक पंचमांश अंतरावर मात्र हाच कोन २१ अंशांच्या पुढे जातो. म्हणून पात्याला बुंध्यापासून टोकापर्यंत पीळ द्यावा लागतो. सरळ, न पिळलेले पाते तयार करणे सोपे असते, पण त्याचा एखादाच भाग योग्य कोनात काम करतो.

रुंदीही टोकाकडे कमी होत जाते. गणिताप्रमाणे बुंधा फार रुंद हवा, पण तसे पाते जड होते आणि रस्त्याने वाहून नेणे अवघड जाते. शिवाय हबला, म्हणजे मधल्या फिरत्या तुंब्याला, बोल्टने जोडायचे असल्याने बुंधा गोलच ठेवावा लागतो. ही तडजोड परवडते, कारण पात्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग एकूण क्षेत्राच्या सुमारे ५६ टक्के क्षेत्र झाडतो.

छेद आणि मळ

पात्याच्या आडव्या छेदाला एअरफॉइल म्हणतात. लिफ्ट (वाहत्या हवेला काटकोनात मिळणारा, पाते फिरवणारा जोर) भरपूर आणि ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा विरोध) नगण्य, ही त्याच्याकडून अपेक्षा. बाहेरच्या भागातील चांगल्या छेदांत हे गुणोत्तर शंभराच्या वर जाते. सुरुवातीला विमानांसाठी बनवलेले नाका (एनएसीए, अमेरिकेची जुनी विमानविद्या संस्था) मालिकेतील छेद जसेच्या तसे वापरले गेले. विमानाचे पंख वेळोवेळी धुतले जातात. पवनचक्कीचे पाते महिनोन्‌महिने उघड्यावर धूळ आणि किडे झेलते. पुढच्या कडेवर खरखरीत थर बसला की हवेचा पृष्ठस्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा पातळ थर, लवकर विस्कळीत होतो, वरच्या बाजूने सुटतो आणि लिफ्ट कोसळते. याला स्टॉल म्हणतात.

कॅलिफोर्नियातील चक्क्यांनी यावरून तज्ज्ञांना चांगलेच बुचकळ्यात टाकले होते. वारा तोच, चक्की तीच, तरी वीज कधी जास्त तर कधी निम्म्यावर. गुस्ताव्ह कॉर्टन आणि हर्मन फेल्डकाम्प यांनी २००१ मध्ये याचा उलगडा केला. किडे मंद वाऱ्यातच उडतात. त्या वेळी ते पुढच्या कडेवर जिथे चिकटतात तिथला खरखरीतपणा मंद वाऱ्यात फारसा बाधत नाही, म्हणून उत्पादनात काही जाणवत नाही. वारा वाढल्यावर हवा पात्याला वेगळ्या कोनात भिडते, सर्वांत कमी दाबाचा भाग नेमका त्या मळलेल्या पट्ट्यावर येतो आणि शक्ती घसरते. म्हणजे पाते मळते एका दिवशी आणि नुकसान दिसते दुसऱ्याच दिवशी. पाऊस पडला किंवा पाती धुतली की चक्की पूर्ववत होते.

१९८४ पासून जेम्स टँगलर व डॅन सॉमर्स यांनी अमेरिकेत पवनचक्क्यांसाठीच एस मालिकेचे छेद तयार केले. मळल्यावरही लिफ्टची कमाल मर्यादा फारशी न घसरणे ही त्यांमागची मुख्य अट होती. नंतर नेदरलँड्सचे डेल्फ्ट विद्यापीठ व डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेनेही आपापल्या मालिका काढल्या. पात्याचा कोन बदलणारी पिच यंत्रणा सर्रास झाल्यावर जोराच्या वाऱ्यात स्टॉलवर विसंबून शक्ती आवरण्याची गरज संपली, आणि छेद निवडायला अधिक मोकळीक मिळाली.

जोडभाग आणि पृष्ठभाग

बुंध्याजवळचे छेद मजबुतीसाठी जाड ठेवलेले असतात, त्यामुळे तिथे हवा लवकर सुटते. उपाय म्हणून पाठीवर लहान त्रिकोणी पट्ट्यांच्या जोड्या चिकटवतात. त्यांना व्हॉर्टेक्स जनरेटर म्हणतात. त्यांच्यामागे तयार होणारे भोवरे वरची वेगवान हवा पृष्ठभागाजवळ खेचून आणतात आणि प्रवाह जास्त वेळ चिकटून राहतो. मागच्या कडेला काटकोनात लावलेली छोटी पट्टी, म्हणजे गर्नी फ्लॅप, लिफ्ट वाढवते. ती आली मोटार शर्यतींच्या मैदानावरून. बुंध्याकडच्या छेदांची मागची कड मुद्दाम बोथट ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. तिने ड्रॅग वाढतो, पण ताकद आणि लिफ्ट दोन्ही मिळतात.

मागच्या कडेचा आवाज वेगाच्या जवळजवळ पाचव्या घाताने वाढतो. टोकाचा वेग १० टक्के वाढवला की आवाज सुमारे २ डेसिबलने चढतो. घुबडाच्या पिसांवरून सुचलेली करवतीसारखी दातेरी पट्टी हा आवाज कमी करते. ती स्वतः वीज वाढवत नाही, पण आवाजाची मर्यादा पाळून चक्की वेगात चालवायला मोकळीक देते.

पुढच्या कडेचा खरा शत्रू पाऊस आहे. सेकंदाला ८०-९० मीटर वेगाने जाणाऱ्या टोकावर थेंब आदळत राहिले की लेप फुटतो, खड्डे पडतात आणि ड्रॅग वाढतो. पॉलियुरेथेनचे लेप, टेप किंवा तयार कवचे लावून ही झीज लांबवतात. थंड प्रदेशात बर्फाचा थरही असाच त्रास देतो. त्यासाठी काही पात्यांत तापवण्याची सोय असते.

लांबी आणि भार

पाते लांबवले की झाडलेले क्षेत्र लांबीच्या वर्गाने वाढते, वजन मात्र ढोबळमानाने घनाने. २०१९ मध्ये १०७ मीटर लांबीचे पाते तयार झाले. एवढे लांब पाते वाऱ्याने वाकतेच. तंतूंची मांडणी तिरकी ठेवली किंवा पाते मागे झुकते केले, तर वाकताना ते आपोआप थोडे पिळते आणि झोताचा भार स्वतःच कमी करते.

बेट्झ यांचे शिखर गाठणे नेहमी फायद्याचे नसते. पात्यांपाशी वारा एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांशच मंदावू दिला, तर आदर्श गणितात शक्ती सुमारे ५ टक्के घटते, पण पात्यांवरचा रेटा जवळजवळ १६ टक्क्यांनी कमी होतो. बुंध्यावरचा वाकवणारा भार तेवढाच ठेवून मग पाते सुमारे ६ टक्के लांब करता येते, आणि एकूण शक्ती उलट ६ टक्के जास्त मिळते. मागच्या चक्क्यांनाही जरा ताजा वारा मिळतो.

पडताळणी

रचनेसाठी मुख्यतः पातेखंड-संवेग पद्धत वापरतात; तिच्यात पात्याचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा जोर वेगळा मोजतात. तिच्या मर्यादा २००० साली उघड झाल्या. नासाच्या एम्स केंद्रातील प्रचंड वातबोगद्यात १० मीटर व्यासाची दोनपाती चक्की चालवली गेली आणि तज्ज्ञांना मोजमापे न दाखवता अंदाज मागवले गेले. स्टॉल नसतानाही शक्तीचे अंदाज प्रत्यक्षाच्या २५ ते १७५ टक्के एवढे विखुरले होते.

चालू चक्कीवर जोडभाग लावल्यानंतरची एक-दोन टक्क्यांची वाढ सिद्ध करणे तर आणखी कठीण. वाऱ्याचा वेगमापक बहुधा नॅसेलवर (मनोऱ्यावरच्या, जनित्र ठेवलेल्या पेटीवर), म्हणजे पात्यांच्या मागे बसवलेला असतो. पात्यात केलेला बदल त्याचे वाचनही बदलतो. त्यामुळे शेजारच्या दोन चक्क्यांपैकी एकीवरच सुधारणा करतात आणि दोघींच्या उत्पादनाची आधीची व नंतरची तुलना एकाच दिशेच्या वाऱ्यात, दीर्घकाळ करतात.