सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत बेळगावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून एकाच धाटणीची कोटेशनं निघायला लागतात. आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० जीबी एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि पुढून लाल-निळे दिवे लुकलुकणारं गेमिंग कॅबिनेट. पोरगं खूश. शेजारी बसलेल्या वडिलांनाही पन्नास हजारांत एवढं सगळं येतंय म्हटल्यावर सौदा बरा वाटतो. आठवड्याभरात पोरगं परत दुकानात : "अण्णा, चार जीबीचं कार्ड हाय खरं, गेम अडकायलंय!"

यात दर वेळी कुणी कुणाला फसवलेलं असतंच असं नाही. आकडे खरेच असतात. पण त्यातले बहुतेक आकडे सांगतात ते आत किती मावतं. गेमला लागतं ते एका सेकंदात किती वाहतं.

हिशेब पडद्यापासून धरायचा. १०८०पी म्हणतात त्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालवायचा, तर एक फ्रेम काढायला मशीनला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ऊन, सावल्या, धूर, पाण्यावरची चमक सगळं धरून वीस लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे, आणि लगेच पुढची फ्रेम सुरू. सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले. १४४०पीचा मॉनिटर घेतला की ठिपके पावणेदोन पट होतात आणि ४के घेतला की बरोब्बर चौपट. मिलिसेकंद मात्र तेवढेच राहतात. म्हणून पैसे मोजकेच असतील तर मॉनिटर आधी ठरवावा, तो १०८०पीचाच घ्यावा, आणि मग बाकीच्या सामानाकडे वळावं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सगळी खरेदी झाल्यावर उरलेल्या पैशांत मॉनिटर, नाहीतर घरातल्या टीव्हीलाच वायर.

आता ते चार जीबीचं कार्ड. अजूनही नवंकोरं मिळणारं जीटी ७३० हे कार्ड २०१४ मधलं आहे. त्याच्या एका आवृत्तीत जुनी डीडीआर३ मेमरी ६४ बिटांच्या अरुंद वाटेनं जोडलेली असते आणि त्या वाटेनं सेकंदाला १४.४ जीबी माहिती जाते. म्हणजे स्वतःची चार जीबी मेमरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचायची, तर ते कार्ड सेकंदाला साडेतीन-पावणेचार वेळाच वाचू शकतं. गेम मागतोय साठ फ्रेम. अर्थात प्रत्येक फ्रेमला सगळी मेमरी वाचावी लागत नाही, पण ती चार जीबी खोक्यावर छापण्यापलीकडे फारशी कामाची नाही, एवढं यावरून कळतं. याच्याशेजारी २०२१ चं आरएक्स ६६०० ठेवा : आठ जीबी जीडीडीआर६, वाट १२८ बिटांची, वेग सेकंदाला २२४ जीबी. पंधरापट.

मग काय, हाच आकडा बघायचा? तिथंही जरा थांबावं लागतं. जुन्या बाजारात आरएक्स ५८० स्वस्तात मिळतं. ते २०१७ चं, आणि त्याच्या मेमरीचा वेग २५६ जीबी, म्हणजे ६६०० पेक्षा जास्तच. आत गणित करणारे एकक २३०४, ६६०० मध्ये १७९२. वीज ५८० खाणार १८५ वॅट, ६६०० खातं १३२. कागदावर ५८० दांडगं, आणि प्रत्यक्ष गेममध्ये ६६०० जवळजवळ दुप्पट फ्रेम देतं. एक तर ६६०० ची चिप १४ ऐवजी ७ नॅनोमीटर तंत्रानं बनलेली, त्यामुळे ती जास्त फ्रीक्वेन्सीवर चालते आणि प्रत्येक एकक जास्त काम उपसतं. दुसरं म्हणजे तिच्या पोटातच ३२ एमबी कॅश, म्हणजे छोटी पण वेगवान मेमरी आहे. एकाच फ्रेममध्ये तीच ती माहिती पुन:पुन्हा लागते. ती हाताशी असली की बाहेरच्या मेमरीकडे जाण्याच्या खेपा वाचतात. वाट अरुंद असली तरी तिच्यावर गर्दीच कमी.

५८० च्या नावानं आणखी एक गंमत चालते. '२०४८एसपी' असं शेपूट लावलेलं ५८० म्हणजे आतून ५७० च्या मापाचं कार्ड. शिवाय १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांकडून गणितं करवून ते कमावणं, बंद पडलं, त्यानंतर रात्रंदिवस राबवलेली कार्डं जुन्या बाजारात ढिगानं आली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. चिप बहुधा ठणठणीत असते, पंख्यांची बेअरिंगं आणि मेमरीवरचे थर्मल पॅड थकलेले असतात. जुनं घेताना अर्धा तास जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानदार नाही म्हणाला तर आपणही नाही म्हणावं.

प्रोसेसरचं काम वेगळं. कोण कुठं उभा आहे, गोळी कुठं लागली, या फ्रेममध्ये काय काय काढायचंय याची यादी तो बनवतो आणि कार्डाच्या हवाली करतो. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत ओतीव कास्टिंग एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं, तसाच हा प्रकार : दिवसाला किती नग बाहेर पडणार हे सगळ्यात मंद मशीन ठरवतं, बाकीची नुसती वाट बघत बसतात. म्हणून महागड्या प्रोसेसरला भुक्कड कार्ड जोडणं म्हणजे पैसे पाण्यात. आपल्या मशीनमध्ये मंद कोण हे घरीच तपासता येतं. गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलं होतं. आहे तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

कोटेशनातल्या 'आय७'चं बोलायचं, तर तो बहुधा आय७-४७७०, म्हणजे २०१३ चा निघतो. चार कोअर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). २०२२ मध्ये आलेला आय३-१२१००एफ बघा : त्यातही चार कोअर, आठ थ्रेड, पण एकेका कोअरचा वेग दीडपटीहून जास्त. मधल्या नऊ वर्षांत प्रोसेसरच्या घड्याळाच्या एकाच ठोक्यात जास्त सूचना उरकायची कला वाढली. नावातला सात आणि तीन हा त्या-त्या पिढीतला मान असतो, पिढ्यांच्या पलीकडे त्याला अर्थ नाही. तो जुना आय७ विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट हा गेम खेळणाऱ्यांनी तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी दोन्ही लागतात हे आधीच ध्यानात ठेवावं. माझ्या मते या बजेटात आय३-१२१००एफ किंवा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० यापुढे जाऊच नये. वाचलेला प्रत्येक रुपया कार्डात घालावा.

कार्डाला पैसेच नसतील, तर रायझन ५ ५६००जी सारखा, पोटातच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर हा सरळ मार्ग. हलके गेम तो निभावतो. पण त्याला स्वतःची ग्राफिक मेमरी नसते, साध्या रॅममधूनच तो ओढून घेतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलवर, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. म्हणून १६ जीबीची एक नव्हे, ८-८ च्या दोन पट्ट्या. "पुढं वाढवता येईल" म्हणून एकच पट्टी गळ्यात मारली जाते, आणि अशा मशीनमध्ये गेमचा वेग तिथंच मार खातो. एआयच्या डेटा सेंटरांनी २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव भडकवले, तेव्हापासून जुन्या मशीनमधल्या डीडीआर४ पट्ट्या काढून वापरण्यातही शहाणपण आहे. रॅमला झिजणारा भाग नसतो.

एसएसडीबद्दल थोडक्यात : घ्याच. फिरत्या हार्ड डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी चार मिलिसेकंद लागतात, वर डोकं हलवायचा वेळ वेगळा. एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुष्कळ. मात्र तिनं गेम लवकर उघडतो, फ्रेम वाढत नाहीत.

आता एसएमपीएस. इथं मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण कोटेशनात या ओळीवर कुणाची नजर थांबत नाही. खोक्यावर ४५० वॅट असतं. डबा आडवा करून बाजूचं स्टिकर वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जेवतात, तेव्हा १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॅट. खोक्यावरचे बाकीचे वॅट कागदी. ६६०० चे १३२, प्रोसेसरचे सत्तर-ऐंशी आणि पंखे-डिस्क वगैरे पन्नास धरले तर आपल्याला २६० च्या आसपास लागतात. खरा ४५० वॅटचा, ८० प्लसची (वीज कमी वाया घालवण्याची) खूण असलेला डबा पुरून उरतो.

चांगल्या एसएमपीएसमध्ये मोठा कपॅसिटर असतो. लाईट गेल्यावर पूर्ण लोडवरही त्यातल्या साठ्यावर मशीन साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतं. जवळजवळ एका फ्रेमएवढा वेळ. आपल्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईट दिवसातून चारदा जाते-येते, आणि घरात इन्व्हर्टर असूनही पीसी रीस्टार्ट होतो ही तक्रार खानापूरपासून निपाणीपर्यंत सारखी. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं : एका बाजूला नॉर्मल किंवा इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर बॅटरीकडे वळायला वीस-तीस मिलिसेकंद किंवा जास्तही जातात. यूपीएसवर टाकलं की हा वेळ दहाच्या आसपास येतो आणि मशीन निसटतं. पुष्कळांचं काम या बटणावरच भागतं, वेगळा यूपीएस लागत नाही. विजा कडकडायला लागल्या तर मात्र प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवावीत. वीज त्या वायरीतूनही येते.

आणखी एक गोष्ट जुन्या घरांतली. अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आई म्हणते, "हात लावू नकोस रे, करंट मारतंय." एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक बारका कपॅसिटर असतो, विजेतला गोंगाट जमिनीत सोडायला. अर्थिंगची तार कुठंच पोचत नसेल तर पत्रा या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकतो, आणि त्यावर २३० च्या निम्मं, ११५ च्या आसपास व्होल्टेज बसतं. त्यातून वाहणारा करंट फार बारीक, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण एसएमपीएस आतून बिघडला तर वाचवणारी तीच तार. तिसरी पिन कापलेली असेल किंवा सॉकेटमागे अर्थ जोडलेलाच नसेल, तर वायरमनला बोलावून तेवढं करून घ्यावं. त्याचा खर्च रंगीत दिव्यांच्या आरजीबी पंख्यांपेक्षा कमीच येतो.

कॅबिनेट निवडताना पुढून काच नको, जाळी हवी. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक काही अंश. कोंडलेल्या खोक्यात ते 'काही' चढत जातं, आणि एका मर्यादेला चिप स्वतःच वेग कमी करते. बेळगावच्या शहापूर-वडगावात यंत्रमागांच्या गल्ल्यांतून आलेलं मशीन उघडलं की हीटसिंकच्या पात्यांवर धूळ दिसत नाही, सुताच्या तंतूंची चक्क गादी दिसते, बोटानं सोलून निघणारी. तिच्या मागं पंखा कितीही ओरडला तरी हवा पलीकडे जात नाही. अशा घरांत जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवाच. पावसाळ्यात हीच गादी ओल धरते. तेव्हा मशीन महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. चालू मशीनच्या ऊबेनं आत ओल टिकत नाही.

खरेदी बेळगावात, कोल्हापुरात की ऑनलाइन, हा वाद इकडे चवीनं चालतो. २०१७ पासून जीएसटी कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडे सारखाच, सुट्ट्या भागांवर १८ टक्के, त्यामुळे कराच्या नावाखाली राज्याची हद्द ओलांडण्यात अर्थ उरलेला नाही. चंदगडच्या मुलानं बेळगावात घ्यावं किंवा निपाणीच्या मुलानं कोल्हापुरात. पाचशे-हजाराच्या फरकापेक्षा बिघडलेलं कार्ड घेऊन कुठं जावं लागेल ते आधी विचारावं. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, आणि कार्डाचं व एसएमपीएसचं खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाकून ठेवावं.