परदेशात अडकलेल्या घरकामगार महिलेसाठी पुण्यातून तक्रार कशी नोंदवावी

कुवेत, ओमान किंवा सौदी अरेबियात घरकामाला गेलेल्या बाईचा पगार थांबला किंवा तिला परत येऊ दिले जात नाही असे कळले, की पुण्यातील नातेवाईक आधी एजंटाच्या आणि मग पोलीस चौकीच्या चकरा मारतात. तिच्या सुटकेसाठीची तक्रार मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवायची असते आणि ती नातेवाइकांनाही नोंदवता येते.

खाते उघडणे आणि देश निवडणे सोपे आहे; गाडी अडते ती कागदांवर. सगळे करारपत्र शोधत बसतात आणि ते कुणाकडेच नसते, कारण एजंट त्याची प्रत घरी देत नाही. त्याची वाट पाहत थांबू नका. पासपोर्ट क्रमांक मात्र हवाच. जनता वसाहतीतील एका कुटुंबाला पासपोर्टची झेरॉक्स अखेर रेशनकार्डाच्या पिशवीत, जुन्या तिकिटाच्या घडीत सापडली. एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिसाचा फोटोही जपून ठेवा; त्यावर कफीलचे, म्हणजे मालकाचे, नाव असेल तर दूतावासाला त्याच्यापर्यंत पोहोचणे सोपे जाते.

‘आमच्या बहिणीला सोडवा’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर कुणीही काही करू शकत नाही. शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा मिळाला, शेवटचा फोन कधी आला, पासपोर्ट कुणाकडे आहे, हे तारखांसह लिहा. कुवेतच्या २०१५ च्या घरकामगार कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम आणि आठवड्याची सुट्टी ठरवली आहे, त्यामुळे कामाचे तासही नोंदवा.

ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर, ३० वर्षांखालील महिलेला आखाती देशांत घरकामासाठी जाण्याची परवानगी नाही, म्हणून एजंट अशा मुलींना व्हिजिट व्हिसावर पाठवतात. पुढे ‘आपणच अडकू’ या भीतीने घरचे गप्प राहतात. कृपया गप्प राहू नका. व्हिसा कोणताही असला तरी ती भारतीय नागरिक आहे आणि तिच्यासाठी दूतावासाकडे दाद मागता येते. पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला असेल, तर दूतावास परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. नोंदणी नसलेल्या एजंटाविरुद्ध १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली पोलिसांत वेगळी तक्रार करावी.

तिकीट हाती आले की सगळ्यांना घाई होते. पण ती परतल्यावर थकलेला पगार वसूल करणे फार अवघड जाते, म्हणून निघण्यापूर्वी तिने तिथल्या कामगार कार्यालयात दावा नोंदवावा आणि तो पुढे चालवण्यासाठी कुणाला मुखत्यारपत्र देता येईल, हे दूतावासात विचारून घ्यावे.