सिंगालीला : एका दिवसाची सीमेपलीकडची पायपीट
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पहाटे दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनहून गाडीने तुमलिंगला जायचं. हे गाव नेपाळात आहे. चहा-नाश्ता करून पायी निघालो की थोड्याच वेळात सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाचं गेट लागतं, म्हणजे पुन्हा भारत. पुढे गैरीबास, आणि शेवटी कालीपोखरी, परत नेपाळ. चाल साधारण 13 किलोमीटर. परतीला गाडी.

कुंपण कुठेच नाही. अधूनमधून सिमेंटचे खांब दिसतात, तीच सीमा. पण गैरीबासला एसएसबीचे (सशस्त्र सीमा बलाचे) जवान ओळखपत्र बघतात, त्यामुळे मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणाच. आधार सोबत असू द्या, पण नुसत्या आधारच्या भरवशावर येऊ नका. मोबाईलमधला फोटो तर नकोच. घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी बुकिंगआधी आमच्याशी बोला. भारत-नेपाळची मोकळी ये-जा त्यांना लागू होत नाही.

उद्यानात स्थानिक गाईड सक्तीचा आहे. रस्ता कळायला सोपा, मग गाईड कशाला, असं वाटेल. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, तेव्हा कळतं. बांबूच्या जाळीत रेड पांडा शोधायलाही त्याचीच नजर लागते. पांडा दिसेलच अशी हमी आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर पैसे जपून द्या.

सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्यांसाठी : मानेभंजनच कळसूबाईपेक्षा उंच आहे. गैरीबासपर्यंत सगळा उतार, तिथून 3100 मीटरच्या आसपास असलेल्या कालीपोखरीपर्यंत चढ. उतारावर पळत सुटलेली मंडळी चढावर बसत-बसत येतात. कालीपोखरीच्या तळ्याचं काळसर पाणी पवित्र मानतात. त्यात पाय बुडवू नका, दगडही मारू नका.

वाटेत फोन नेपाळी टॉवर पकडतो. रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल येईल. फोनचं घड्याळही नेपाळी वेळेवर, म्हणजे 15 मिनिटं पुढे जातं. आमच्या सगळ्या वेळा भारतीय. चहा-थुक्पासाठी (थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप) शंभरच्या नि त्याखालच्या नोटा ठेवा. यूपीआयवर विसंबू नका.

कांचनजंगा बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला हवा तर एप्रिल. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंद असतं. त्या काळातलं बुकिंग आम्ही घेत नाही.