मोठ्या मुलांनी लहानांना वाचायला शिकवणं

वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी खालच्या वर्गातल्या एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला शिकवायचं, अशी ही पद्धत आहे. साधारण सहावी-सातवीतलं एक आणि दुसरी-तिसरीतलं एक अशी जोडी लावतात, हातात एकच पुस्तक, वेळ पंधरा-वीस मिनिटं. शिकवणी किंवा क्लासपेक्षा हे वेगळं, कारण इथे फळा नाही, फी नाही आणि शिकवणारा स्वतःच अजून शाळेत आहे. मुंबईत लहान पोरं त्याला आपसूक ताई नाहीतर दादा म्हणतात, सर किंवा बाई कोणी म्हणत नाही, आणि अर्धं काम तिथेच होतं, कारण बाईंसमोर चुकायची लाज वाटते तेवढी ताईसमोर वाटत नाही.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची, आणि संध्याकाळी घरी परवचा म्हणायची तेव्हाही मोठा पुढे आणि बाकीचे मागे असंच चालायचं. गंमत म्हणजे इंग्लंडात जी पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली तिचं मूळही इथलंच. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला लष्करी अनाथ मुलांची शाळा बघायचा, त्याने गावठी शाळेतली पोरं वाळूत अक्षरं काढताना पाहिली, आपल्या मास्तरांना सांगितलं तर ते काही ऐकेनात, मग त्याने थेट एका मुलालाच लहानांना अक्षरं शिकवायला बसवलं आणि ते जमलं. १७९७ मध्ये त्याने यावर पुस्तिका छापली, १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टरने लंडनला अशाच धर्तीवर शाळा काढली आणि मग दोघांच्या समर्थकांत आधी कोणी शोधलं यावरून बरीच वर्षं भांडणं झाली (पंतोजींना कोणी विचारलं नाही). एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२० च्या दशकात, मुंबईतही लँकेस्टरच्या पद्धतीने शाळा चालवायचे प्रयत्न झाले. पण त्या पद्धतीचा हेतू पैसे वाचवणं हा होता, एक मास्तर आणि शेकडो पोरं, मध्ये मॉनिटर म्हणजे शिकवणारी मोठी मुलं. आज वर्गाचा मॉनिटर फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो, शिकवत नाही.

आजची पद्धत यापेक्षा बरीच मवाळ आहे आणि तिचा जास्त अभ्यास ब्रिटन-अमेरिकेत झालाय. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ कीथ टॉपिंग यांनी रुजवलेल्या जोडीवाचनात दोघं आधी एकत्र मोठ्याने वाचतात, लहान मुलाला वाटलं की आता मी एकटा वाचतो तर तो ठरलेली खूण करतो आणि मोठा गप्प बसतो. अडला तर चार-पाच सेकंद थांबायचं, तरी नाही आलं तर शब्द सांगायचा, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचा आणि पुढे जायचं. ओरडायचं नाही, 'एवढं पण येत नाही?' असं म्हणायचं नाही. हे थांबणंच मोठ्या मुलांना सगळ्यात जड जातं, उत्तर जिभेवर असतं ना! आठवड्यातून किमान तीनदा आणि सलग सहा-आठ आठवडे झाल्याशिवाय फरक दिसत नाही, त्यामुळे १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला फोटोपुरत्या जोड्या बसवल्या तर त्याचा उपयोग फोटोपुरताच.

मराठी वाचताना अडायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि ताईला त्या माहीत असल्या पाहिजेत. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते पण वाचायची नंतर, इथे नवीन मूल हमखास अडखळतं. मग 'र' चे नखरे, प्रकाश, पर्वत, राष्ट्र, कुऱ्हाड, चार ठिकाणी चार रूपं. सूर्यचं 'सूरय' होतं. आणि चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा, पण लिहायला एकच, म्हणजे घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाने अक्षर बरोबर ओळखलं तरी त्याचा उच्चार चुकीचा वाटतो. तो चुकलेला नसतो, त्याने तो शब्द कधी ऐकलेला नसतो. घरी हीच भाषा बोलणारी आणि हाच घोळ दोन-चार वर्षांपूर्वी निस्तरलेली मुलगी शेजारी असेल तर ती हे पटकन ओळखते, पदवीवाल्या मास्तरांना कधीकधी पत्ता लागत नाही.

मुंबईत आणखी एक भानगड आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, एकेका इमारतीत दोन-तीन माध्यमं, वर सकाळ-दुपारचं अधिवेशन. म्हणजे सातवी सकाळी आणि दुसरी दुपारी असेल तर जोडी जमायची कधी? अधिवेशन बदलतानाचा थोडा वेळ, मधली सुट्टी, ऑफ पिरियड, नाहीतर शाळेबाहेर चाळीची गच्ची, मंडळाची अभ्यासिका, वस्तीतलं समाजमंदिर. घर दहा बाय दहाचं आणि टीव्ही चालू, तिथे दोघांनी मोठ्याने वाचायला जागाच नसते, म्हणून घरी करून घ्या हा सल्ला इथे फारसा चालत नाही.

याच्या जवळचा आणि मुंबईतच आकाराला आलेला प्रयोग म्हणजे बालसखी. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेने वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली नेमल्या, त्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायच्या आणि अक्षरओळख, वाचन, आकडे करून घ्यायच्या. त्यांना थोडं मानधन होतं, म्हणजे त्या काटेकोरपणे विद्यार्थिनी नव्हत्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ दरम्यान याची चाचणी केली, निकाल २००७ मध्ये छापला. गुण वाढले आणि फायदा मुख्यतः त्या मागे राहिलेल्या मुलांचाच झाला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मात्र त्यातलं बरंचसं ओसरलं, हे सांगायचं लोक विसरतात.

आता शिकवायला कोणाला बसवायचं, यात शाळा नेहमी एकच करतात, पहिल्या पाचातली पोरं निवडतात. माझ्या मते ही निवड उलटी आहे. १९८२ मध्ये कोहेन आणि कुलिक या संशोधकांनी मुलांनी मुलांना शिकवण्यावरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात शिकणाऱ्याइतका नाही पण शिकवणाऱ्याचाही फायदा दिसला. अमेरिकेत सॅन अँटोनियोला १९८४ पासून तर मुद्दाम शाळा सोडायच्या बेतात असलेल्या मुलांनाच पगार देऊन लहानांचे शिक्षक केलं, आणि त्यांची गळती कमी झाली. आपल्याकडे सातवीत जाऊनही दुसरीचा परिच्छेद अडखळत वाचणारा मुलगा असतोच, वर्गात त्याला दुसरीचं पुस्तक दिलं तर अपमान होईल, पण 'उद्या छोट्याला शिकवायचंय, आज वाचून ठेव' म्हटलं की तेच पुस्तक तो मुकाट घरी नेतो. अर्थात त्याचं वाचन लहान मुलापेक्षा दोनेक वर्षं तरी पुढे पाहिजे, नाहीतर दोघं मिळून चुका पक्क्या करतात.

सगळीकडे हे चालतंच असंही नाही. स्कॉटलंडच्या फाइफ भागात १२९ प्राथमिक शाळांत दोन वर्षं मोठा प्रयोग झाला, तिथे वेगळ्या वयाच्या जोड्या समवयस्क जोड्यांपेक्षा सरस ठरल्या, पण नंतर इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नववीने सातवीला शिकवायचा प्रयोग केला तर फरकच दिसला नाही, बहुधा तोवर वाचनाचा मूळ प्रश्न उरलेला नसतो. मुंबईत अडचणी जास्त साध्या असतात. सातवीतल्या मुलीला घरी पाणी भरायचं असतं, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, त्यात अजून एक धाकटा गळ्यात मारला तर आईवडील कुरकुरतात आणि ते चूक नाही, म्हणून हे शाळेच्या वेळातच बसवावं लागतं. शिवाय बऱ्याच पालिका शाळा आठवीला संपतात, तयार झालेली ताई दुसऱ्या शाळेत जाते आणि जूनमध्ये नवीन मुलांना थांबायचं कसं हे पहिल्यापासून शिकवावं लागतं.